भेंडीची फुलं, साठ आमंत्रणं

भेंडी देठाकडून बोटभर खाली कापायची. टोकाकडे गेलात तर फूल बारीक येतं, अगदी देठाशी कापलीत तर नुसता भरीव ठिपका उठतो. बोटभर खाली पाच पाकळ्या मिळतात, कधी सहा. कापल्यावर लगेच रंग लावायचा नाही. भेंडीला चिकट पाणी सुटतं आणि ते रंगात मिसळलं की फुलाची पाकळी घसरते. म्हणून कापलेली बाजू जाड कागदावर उपडी ठेवायची, पंधरा मिनिटं विसरायची, मग स्पंजाने रंग टिपायचा, बुडवायचा नाही. कागदावर टेकवायची, दाबायची, सरळ वर उचलायची. हात हलला तर फूल गेलं.

इतक्या ठामपणे मी जगात फार थोड्या गोष्टी सांगू शकते. गाडी कुठल्या फलाटावर येणार हे मी तीनदा वाचते. बेल वाजली की आधी दचकते आणि मग कोण असेल हा विचार येतो. सरकारी पाकीट आलं की ते मी दोन दिवस फ्रिजवर ठेवते, जणू थंड झाल्यावर आतला मजकूर सौम्य होणार आहे. पण भेंडीबद्दल विचारा. कांद्याबद्दल विचारा. सेलरीची जुडी बुडातून एका घावात कापली की जो बुडखा उरतो, त्याचा छाप म्हणजे उमललेला गुलाब असतो, हे मला कुणी शिकवलं नाही, मीच शोधलं.

माझी शाळा आठवीनंतर सुटली. काढली असं म्हणत नाही, कारण कुणी काढली नाही. त्या जूनमध्ये आईची कंबर धरली, ती अंथरुणावर, घरात धाकटी दोन. मी म्हटलं, एक महिना राहते घरी. महिना झाला तोवर माझी नववीची पुस्तकं दुसऱ्या मुलीला देऊन टाकलेली होती, आणि खरं सांगायचं तर मलाच परत वर्गात शिरायची लाज वाटायला लागली होती. सोळाव्या वर्षी सांगलीत एका लग्नपत्रिकांच्या छापखान्यात घड्या घालायला लागले.

घडी घालणं वाटतं तितकं सोपं नाही. कागदालाही कापडासारखा उभा-आडवा धागा असतो. त्याच्या मनासारखी घडी घातली तर ती शांतपणे बसते, मनाविरुद्ध घातली तर कण्यावर तडा जातो आणि छपाई फुटते. छापखान्याच्या मालकीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी कागदाचा तुकडा ओला करून दाखवला. ‘बघ, कसा आपसूक वळतो. वळतो तशीच त्याची घडी. त्याच्याशी भांडायचं नाही.’ त्या बाईंचे उपकार मी अजून फेडतेच आहे.

त्यांची एक शिस्त होती. कुठल्याही लग्नाची पहिली पत्रिका मशीनवरून उतरली की तिच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायची. बाकीच्या पत्रिकांना ज्याच्या घरचं लग्न तो घरी नेऊन लावायचा, आणि ज्यांच्या घरी माणसं कमी, त्यांच्या मी लावून द्यायची. एका वाटीत हळद, एका वाटीत कुंकू, ओलं बोट. सात वर्षांत माझ्या बोटाखालून किती लग्नं गेली असतील, देवच जाणे.

आमचे हेही तिथलेच. बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले होते आणि प्रूफ तपासायला पाच वेळा आले. चूक एकही नव्हती. तेव्हा ते पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले होते, म्हणजे चुका शोधणं हा त्यांचा धंदाच. पाचव्या वेळी मालकीणबाई म्हणाल्या, ‘अहो, प्रूफ कागदाचं बघताय की आमच्या पोरीचं?’ पुढचं सांगायला नको. आता आम्ही जर्मनीत, वाल्डॉर्फजवळच्या एका गावात राहतो. हे सायकलने ऑफिसला जातात, मुलगी दुसरीत आहे. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. जर्मन मुलांसारखी ती मला ‘मामा’ म्हणते. गावी फोन लावलेला असताना ती ओरडली की माझा सख्खा भाऊ तिकडून ‘काय गं?’ म्हणून ओ देतो.

छापांची सुरुवात तिच्यामुळेच झाली. एक दिवस शाळेतून एक कार्ड घेऊन आली, त्यावर निळे चौकोन.

‘हे काय गं?’

‘कार्टोफेलड्रुक,’ ती म्हणाली. बटाट्याचा छाप. बटाटा अर्धा कापायचा, त्यावर सुरीने आकार कोरायचा आणि रंग लावून उठवायचा. इथल्या प्रत्येक मुलाने आयुष्यात एकदा केलेलं असतं.

मला वाटलं, कोरायचं कशाला? आतून नक्षी घेऊनच आलेल्या भाज्या सोडून ह्यांनी नेमका बटाटा का धरला? मी ओट्यावरची भेंडी कापली, तिच्याच निळ्या रंगात टेकवली. मुलगी दोन सेकंद गप्प बसली. ही सात वर्षांची मुलगी दोन सेकंद गप्प बसणं म्हणजे काय, ते घरी लहान मूल असणाऱ्यांना कळेल. मग म्हणाली, ‘नोख माल.’ पुन्हा एकदा. त्या वर्षी तिच्या वाढदिवसाची सगळी आमंत्रणं भेंडीची, कांद्याची आणि ढोबळी मिरचीची गेली.

तेव्हा मला गावातल्या सिनिओरेनहाइमच्या स्वयंपाकघरात लागून वर्ष होत आलं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या राहण्याची जागा. मराठीतला शब्द मी वापरत नाही. एकदा फोनवर वापरला तर आई रडायलाच लागली, ‘तुला तिथे वृद्धाश्रमात काम करावं लागतं?’ म्हणून. तेव्हापासून नुसतं हाइम म्हणते. सकाळी भाज्या चिरायच्या, दुपारी ताटं धुवायची. भाज्यांचे बुडखे आणि टोकं बादलीत जायची. ती जाण्याआधी मी टिपून ठेवायची, आणि सुट्टीच्या वीस मिनिटांत भाजीवाल्याच्या पावतीच्या मागे उठवून बघायची.

एक दिवस वरच्या मजल्यावरची बेट्रॉयुंगवाली खाली कॉफी घ्यायला आली. बेट्रॉयुंग म्हणजे रहिवाशांना गाणी, खेळ, फिरणं, गप्पा हे सगळं करवणारं खातं. ती माझ्याच वयाची, आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो. तिने पावतीमागचा गुलाब बघितला.

‘हे तू काढलंस?’

‘सेलरीने काढलं. मी फक्त दाबलं.’

ती तिथेच खुर्ची ओढून बसली. म्हणाली, ‘ऐक. सप्टेंबरात आमच्या कामाचा एक कोर्स आहे. हाइम एका माणसाला पाठवणार आहे, आणि तो झाला की वर, माझ्याबरोबर. मला तू हवीस. पण माझ्या एकटीच्या म्हणण्यावर होत नाही, रहिवाशांच्या समितीलाही विचारतात. तू चार गुरुवार छापांचे घे, मग उन्हाळी मेळाव्याची आमंत्रणं करून दे. साठ लागतात. त्यांना आवडलं की झालंच.’ आणि तिने मला अर्ज आणून दिला.

मला वर जायचं होतं. किती, ते मी यांनाही नीट सांगितलं नव्हतं. खाली मला फक्त ताटं दिसायची. अर्धं टाकलेलं ताट आलं की कळायचं, कुणीतरी आज जेवलेलं नाही. पण का जेवलं नाही, हे विचारायला जिना चढणं माझ्या कामात बसत नव्हतं. वर्षभर मी माणसांऐवजी त्यांची ताटं ओळखत होते.

अर्ज दोन पानी होता. दुसऱ्या पानावर रकाना: शालेय शिक्षण, शेवटची उत्तीर्ण परीक्षा. मी तो अर्ज घरी नेऊन ओट्याखालच्या खणात पुसण्याच्या फडक्यांखाली ठेवून दिला. इथे मी कुणालाच खरं सांगितलेलं नव्हतं. बेट्रॉयुंगवालीला वाटत होतं, नवरा सॉफ्टवेअरमध्ये म्हणजे बायकोही काहीतरी शिकलेली असणार, भाषेमुळे स्वयंपाकघरात अडकली बिचारी. मी तसं म्हटलं नव्हतं. पण तसं नाही असंही म्हटलं नव्हतं.

पहिल्या गुरुवारी दहाजण आले. वयं ऐंशीच्या पुढची, बोटं सांध्यांत वळलेली. भेंडी त्यांच्या चिमटीत राहीना. मी खाली धावले, काटे घेऊन आले, आणि प्रत्येक कापलेल्या फळाच्या पाठीत एकेक काटा खोचून दिला. काट्याची मूठ सगळ्यांना धरता येते, जन्मभर धरलेली असते. सफरचंद आडवं कापलं तर आत पाच टोकांची चांदणी असते. ती कागदावर उमटली तेव्हा एक आजोबा ‘ना, झो वास!’, अरे, हे काय, म्हणाले आणि त्यांनी एकाच कागदावर चांदण्यांच्या चार रांगा काढल्या, ओळंब्याने मोजल्यासारख्या सरळ.

खिडकीशी मात्र एक बाई वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या. वय नव्वद, पाठ ताठ, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेलं. मी मनातल्या मनात त्यांना ‘बाई’च म्हणायला लागले, आपल्या शाळेत म्हणतो तसं. रहिवाशांच्या समितीच्या प्रमुख त्याच.

‘युंगे फ्राऊ,’ वर्तमानपत्र खाली न करता त्या म्हणाल्या. तरुण बाई, अशी हाक ही. ‘भाज्या खायच्या असतात. आम्ही लहानपणी साली उकळून खाल्ल्यात.’

‘मी फक्त टाकायचे बुडखे घेते,’ मी म्हटलं. ‘खायचं सगळं सुपात गेलंय.’

‘सफरचंदसुद्धा?’

‘सफरचंदावर रंग फक्त पुसट लावलाय. कापून वरचा काप काढला की उरलेलं मी खाणार.’

‘बघते,’ त्या म्हणाल्या. आणि तास संपल्यावर खरंच मी खाईपर्यंत बघत बसल्या.

दुसऱ्या गुरुवारी त्या माझं जर्मन दुरुस्त करायला लागल्या. मी कुठल्याही नामापुढे डेअर, डी, डास यांतलं जे आधी तोंडात येईल ते लिंग लावते. त्या वर्तमानपत्राआडून बरोबर ते सांगायच्या. मी ‘डांके’, धन्यवाद, म्हणायची आणि पुढे जायची. तिसऱ्या गुरुवारी त्या टेबलाशी आल्या. एक कांदा उचलला, चष्म्यातून दोन्ही बाजूंनी बघितला, लाल रंग टिपला, उठवला आणि म्हणाल्या, ‘वळ्यांमधली जागा भरते आहे. रंग जास्त आहे.’ रंग खरंच जास्त होता. ‘गेनाऊ,’ मी म्हटलं, अगदी बरोबर. चौथ्या गुरुवारी त्या सर्वांत आधी आलेल्या होत्या.

मग आमंत्रणं. ते शतावरीचे, म्हणजे अस्परागसच्या भाजीचे दिवस होते, आमच्या भागात त्या दिवसांत लोक दुसरं काही बोलतच नाहीत. स्वयंपाकघरात शतावरीच्या बुंध्यांचे ढीग पडायचे. बुंध्याने बारीक गोल ठिपके, वर भेंडीची फुलं, खाली सेलरीचा एक गुलाब. छाप रहिवाशांनी उठवले, कागद निवडणं, कापणं आणि घडी माझी. साठ कार्डं मी शनिवारी घरी आणली. कपडे वाळत घालायचा रॅक बैठकीत उघडला आणि चिमट्यांनी सगळी टांगली. रविवारी दुपारी घड्या घातल्या. एकाही कण्यावर तडा नाही. साठच्या साठ एकावर एक रचली, आणि ती थप्पी बघून मला इतकं बरं वाटलं की हात आपोआप देवघराकडे गेला.

आमंत्रण म्हटल्यावर हळदकुंकू. मी त्यात विचार असा केलाच नाही. घरी चारी कोपऱ्यांना लावतात. मी इथे एकाच, वरच्या उजव्या कोपऱ्याला लावलं. छोटंसं. हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं.

हे सोफ्यावरून बघत होते. ‘अगं, लग्न कुणाचंय?’

‘मेळाव्याचं.’

‘त्यांना कळणारेय का ते?’

‘अहो, त्यांना कळायला नाही लावत, काम नीट पार पडावं म्हणून लावते.’

मुलगी जवळ आली, एक कार्ड उचललं. ‘मामा, दा इस्ट श्मुट्झ.’ यावर घाण आहे.

‘घाण नाही, हळदकुंकू आहे. तुझ्या वह्यांनाही लावलं होतं.’

‘तेव्हा पण मला ते खोडून काढावं लागलं,’ ती जर्मनमध्ये म्हणाली. दोघांनी मला बरोबर सांगितलं होतं. मी दोघांचंही ऐकलं नाही.

सोमवारी थप्पी बेट्रॉयुंगवालीच्या टेबलावर ठेवली. गुरुवारी तिने मला वर बोलावलं. खोलीत ती, खिडकीशी बाई, आणि टेबलावर माझी कार्डं. शेजारी कागद कापायचं यंत्र, ते लांब पातं असलेलं, खाली ओढलं की कापतं.

‘कार्डं फार सुंदर झालीत,’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की आता पुढे ‘पण’ येणार. ‘पण बुधवारी समितीने बघितली. सगळ्यांवर एकाच कोपऱ्यात डाग आहे. काय सांडलं? करी?’

‘स्वयंपाकघरातली बोटं,’ बाई खिडकीतून म्हणाल्या. ‘मी म्हटलं, अशी कार्डं हाइमच्या नावाने बाहेर जाता कामा नयेत.’

मी जे नेहमी करते तेच केलं. ‘एन्टशुल्डिगुंग,’ म्हटलं. माफ करा, माझी चूक, पुन्हा नाही होणार. अर्ज, कोर्स, जिना, सगळं त्या दोन बोटांच्या ठिपक्यात बुडताना मला दिसत होतं.

‘अगं, त्यात काय एवढं,’ बेट्रॉयुंगवाली म्हणाली. ती मनाने खरंच चांगली आहे. ‘डाग कोपऱ्यातच आहे ना? कोपरा तिरका कापून टाकू. उलट छानच दिसेल. समितीला मी सांगते, प्रश्न मिटला.’ आणि तिने पहिलं कार्ड पात्याखाली सरकवलं. कच्. दुसरं सरकवलं. कच्.

मी सात-आठ वर्षांची असताना घरी एक पोस्टकार्ड आलं होतं. पोस्टमनने ते दारातून न टाकता आईच्या हातात दिलं. त्याचा कोपरा फाडलेला होता. मी तेव्हा नुकती धड वाचायला लागले होते, जे दिसेल ते मोठ्याने वाचायची. म्हटलं, ‘आई, वाचू?’ ती म्हणाली, ‘नको. कळलं.’ आणि उंबऱ्यातच खाली बसली. माझे आजोबा गेले होते. कोपरा गेलेलं पत्र आमच्याकडे एकाच गोष्टीसाठी येतं. वाचून झालं की ते घरात ठेवत नाहीत, फाडून टाकतात आणि अंघोळ करतात.

बेट्रॉयुंगवालीने तिसरं कार्ड उचललं.

‘नाइन!’

नाही! हा माझा आवाज होता. मला जर्मनीत येऊन सहा वर्षं झाली, त्या सहा वर्षांत मी हा शब्द एवढ्या मोठ्याने कधी काढलेला नव्हता. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी थांबलं. माझा हात पात्यावर होता. पात्याच्या खाली नव्हे, मुठीवर. तेवढं भान छापखान्याने दिलेलं आहे.

‘कापू नकोस,’ मी म्हटलं. आणि मग जसं येईल तसं बोलत सुटले. की डाग नाही, मी लावलंय, मुद्दाम. पिवळी हळद, लाल कुंकू. लग्न असेल, मूल झालं असेल, नवं घर असेल, की पत्राला हे लावतात. आणि कोपरा कापला की ते पत्र दुसऱ्याच बातमीचं होतं. कुणीतरी मेल्याच्या बातमीचं. मृत्यू हा शब्द मी म्हटला तेव्हा त्याच्यापुढे चुकीचं लिंग लावलं.

‘डेअर टोड,’ बाई खिडकीतून म्हणाल्या.

‘डेअर टोड, डांके,’ मी म्हटलं आणि तशीच पुढे बोलत राहिले. ‘तुमच्याकडे काळ्या कडेचं पाकीट असतं. खाली टपालात येतं, मी बघितलंय, ते आलं की स्वागतकक्षातल्या बाई हळू बोलायला लागतात. मेळाव्याची साठ आमंत्रणं तुम्ही त्या पाकिटांत घालून पाठवाल का?’

बाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. अर्धी, मग पुन्हा अर्धी.

‘नाही,’ त्या म्हणाल्या.

‘मग.’

बेट्रॉयुंगवालीने मुठीवरचा हात काढला. कापलेली दोन कार्डं तिने उचलली, त्यांच्याकडे बघितलं आणि ती पालथी ठेवली. ‘आल्झो,’ म्हणजे बरं तर, ती म्हणाली, ‘पण मग करायचं काय? लोकांना तो डागच वाटणार.’

‘ज्याला सांगितलेलं नाही त्याला डागच वाटतो,’ बाई म्हणाल्या. ‘मलाही वाटला. मागच्या बाजूला लिहा काय आहे ते. एक वाक्य.’

‘हो, मी लिहिते,’ बेट्रॉयुंगवालीने पेन घेतलं.

‘हळद तुम्ही लावलीत?’ बाईंनी तिला विचारलं.

‘नाही.’

‘मग युंगे फ्राऊ लिहील.’

आता खरी भीती वाटली. बोलताना माणूस हात हलवतो, हसतो, अर्धं वाक्य तसंच सोडून देतो, समोरचा ते पुरं करतो. लिहिलेलं तसंच राहतं. मी म्हटलं, ‘माझं लिहिणं चांगलं नाही.’

‘का?’

त्या वेळी खोटं सांगणं सोपं होतं. भाषा नवी आहे, लिपी वेगळी आहे, काहीही. पण एकदा नाइन म्हणून झाल्यावर बहुधा पुढचं खरंही सोपं जात असावं. ‘मी आठच वर्षं शाळेत गेले,’ मी म्हटलं. ‘पुढे नाही. घरात आई आजारी होती. परीक्षा, प्रमाणपत्र, काही नाही माझ्याकडे.’

बेट्रॉयुंगवालीने हातातलं पेन खाली ठेवलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. बाईंकडे बघितलं, कारण मुळात घाबरायचं होतं ते त्यांनाच.

‘आठ वर्षं,’ त्या म्हणाल्या. ‘एका वाक्याला पुष्कळ झाली. माझ्या वर्गातली चौथीची मुलं अख्खं पान लिहायची, आणि त्यातली काही तर ठोंब होती. बसा.’

मी बसले. एका वाक्याला पाऊण तास लागला. कोपऱ्यातला पिवळा आणि लाल ठिपका हाताने लावलेला आहे, कारण आमच्याकडे आनंदाच्या आमंत्रणाला तो लावतात. बाईंनी पेन्सिलीने दोन ठिकाणी दुरुस्त केलं, एक स्वल्पविराम टाकला आणि तो तिथे का हवा हे मला तीन उदाहरणं देऊन सांगितलं. चौथं उदाहरण मी दिलं. त्या ‘हं’ म्हणाल्या. मला शाळेत असताना एकदाही कुठल्या बाई असं ‘हं’ म्हणाल्या नव्हत्या.

मग मी ते वाक्य अठ्ठावन्न कार्डांच्या मागे लिहिलं. विसाव्या कार्डापर्यंत अक्षर वाकडंतिकडं येत होतं, पुढे हाताला वाट सापडली. कापलेल्या दोन कार्डांच्या जागी दोन नवी केली, त्यांनाही हळदकुंकू लावलं आणि मागे वाक्य लिहिलं, बाईंनी त्यांवर स्वतः कांदा उठवला, वळ्यांमधली जागा मोकळी ठेवून. कापलेली दोन मी फाडली आणि बाहेरच्या कागदांच्या पिंपात टाकली. घरी जाऊन अंघोळही केली. यांनी विचारलं, ‘आज एवढ्या लवकर अंघोळ?’ मी सगळं सांगितलं. हे ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, ‘अगं, नाइन म्हणालीस? तू?’

‘हो.’

‘जोरात?’

‘कॉरिडॉरमध्ये माणूस थांबला.’

ते हसायला लागले आणि बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, ‘तो अर्ज कुठाय? शिक्षणाच्या रकान्यात काय लिहायचं ते मी बघतो, जरा व्यवस्थित शब्दांत...’

‘नको,’ मी म्हटलं. ‘मीच लिहिते. तुम्ही फक्त पेन द्या.’

फडक्यांखालून अर्ज काढला. एका कोपऱ्याला ओल लागली होती, पण वाचता येत होतं. रकान्यात लिहिलं: आठ वर्षं शाळा, भारत. सात वर्षं छापखाना, भारत. शेवटची उत्तीर्ण परीक्षा: नाही. ‘नाही’ लिहिताना हात थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही. ‘छापखाना’पुढचा स्वल्पविराम मात्र मी मुद्दाम टाकला, आणि तो बरोबर होता.

आमंत्रणं गेली. एका स्वयंसेवकाने फोन करून विचारलं, तो ठिपका चाटायचा असतो का. दोघांनी विचारलं, असं कार्ड विकत मिळेल का. एक पाकीट पत्ता चुकून परत आलं. बाकी सगळे मेळाव्याला आले.

त्यानंतरच्या आठवड्यात हाइमच्या व्यवस्थापकांनी मला भेटायला बोलावलं. मी पंचवीस मिनिटं आधी पोचले आणि ती पंचवीस मिनिटं त्यांच्या दाराबाहेर भिंतीवरची अग्निशमनाची सूचना वाचत उभी राहिले. आत गेल्यावर त्यांनी अर्ज वाचला, दोन्ही पानं, सावकाश. मला वाटलं, आता तो रकाना. ते म्हणाले, ‘या कोर्सला शाळेचं प्रमाणपत्र लागत नाही, तुम्हाला माहीत आहे ना? जर्मन बोलता यायला हवं, आणि माणसांची आवड.’

मला माहीत नव्हतं. मी तो अर्ज इतके महिने फडक्यांखाली ठेवला होता, आणि रकाना नुसता रकाना होता. हसू येईल की रडू येईल ते कळेना, म्हणून मी नुसतं ‘या’, म्हणजे हो, एवढंच म्हणाले.

‘आणि हे समितीचं पत्र,’ त्यांनी दुसरा कागद काढला. ‘वाचून दाखवू?’

‘मी वाचते,’ मी म्हटलं.

हस्ताक्षर बाईंचं, प्रत्येक अक्षर ओळीवर बसलेलं. तीन मुद्दे होते. पहिला, ही बाई फार हळू बोलते, नव्वदीच्या माणसांशी बोलताना आवाज चढवायला हवा. दुसरा, नामांची लिंगं चुकतात, त्यावर काम सुरू आहे. तिसरा मुद्दा मी दोनदा वाचला. तिने आम्हाला नाही म्हटलं आणि कारण सांगितलं, समितीला असं माणूस वरच्या मजल्यावर हवं आहे.

व्यवस्थापकांनी अर्जावर सही केली, मग मला सही करायला सांगितलं. मी केली. त्यांनी हात पुढे केला, मी दोन्ही हातांनी धरला. आभार मानले, एकदा, मग दुसऱ्यांदा, मग त्यांना पुरे असं वाटतंय हे बघून थांबले. दार लावून घेतलं आणि जिन्याच्या चार पायऱ्या उतरले. पाचव्या पायरीवर लक्षात आलं की त्यांचं पेन माझ्याच हातात आहे. पूर्वीची मी असते तर ते पेन घरी नेऊन आठवडाभर घाबरत बसले असते. मी परत वर गेले आणि या वेळी दारावर टकटक केली ती चांगली जोरात.